दोन बोटांमधली रास

तुम्हाला तुमच्या आजाराचं नाव नुकतंच कळलं असेल आणि ते तोंडातून बाहेर निघत नसेल, तर हे वाचा. माझ्याही तोंडातून निघत नव्हतं. म्हणून ते इथेच, आधी लिहून टाकतो. मला कुष्ठरोग झाला. औषधं चालू आहेत, रोग हटतो आहे आणि आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. एवढी वाक्यं लिहायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात मी बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेला हात लावून परत वर आलो असतो.

रोगाची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील. मी सांगणार आहे ते एका घोडीबद्दल, माझ्या बायकोबद्दल आणि माझ्या मामांबद्दल. माझा आजार आधी त्यांना भोवला, मला नंतर.

घोड्याच्या मागे

आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बनारसमध्ये आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी बँकेत नोकरी करतो. विद्यापीठात होतो तेव्हा घोड्यावर बसायचो, आणि बरा बसायचो. नंतर नोकरी लागली, बलिया, गोरखपूर, आझमगड अशा बदल्या होत राहिल्या आणि घोडा सुटला तो सुटलाच. पन्नाशीत बदली होऊन परत घरी आलो, तेव्हा मनात दोनच इच्छा होत्या. एक, गंगेकाठी राहायचं. दुसरी, पुन्हा घोड्याजवळ जायचं.

दुसरी इच्छा गजाननमामांमुळे पुरी झाली. ते आईचे धाकटे भाऊ, सत्तरीचे. व्यवसाय तीर्थोपाध्यायाचा. साताऱ्याकडची, खानदेशातली माणसं पिंडदानाला, गंगापूजनाला येतात ती त्यांच्याकडे उतरतात, त्यांच्याच घरी जेवतात. पण मामांचा जीव नदीपलीकडे, पडावला. तिथे त्यांचं एक पत्र्याचं छप्पर आहे, त्याखाली एक्का, म्हणजे एका घोड्याची दुचाकी गाडी, आणि मैना नावाची तांबूस घोडी. सावनात एक्के पळवायची जुनी हौस बनारसमध्ये अजून टिकून आहे, तिला गहरेबाजी म्हणतात. तिथे घोडं नुसतं पळून भागत नाही, त्याची चाल दिसावी लागते. मामांची पाठ धरायला लागली तसा त्यांना एक्क्यावर दुसरा माणूस हवा झाला. मला म्हणाले, "बँकेचे साहेब, तुम्ही म्हणे घोड्यावर बसायचात. आता घोड्याच्या मागे बसून दाखवा."

मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे. पण स्वार आपलं निम्मं बोलणं पायांनी करतो. मांडीचा दाब, टाचेचा इशारा, कमरेचा तोल. एक्क्यावर यातलं काहीच उरत नाही. आणि शरीर तर जुनं काही विसरत नाही. मैनेनं चाल वाढवावी असं वाटलं की माझ्या मांड्या आपोआप खालची फळी आवळायच्या. मामा बघायचे आणि म्हणायचे, "फळी सागवानी आहे, श्रीकांता. तिला गुदगुल्या होत नाहीत."

मागे बसलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी असतात, आवाज आणि हात. घोडीच्या डोळ्यांना झापडं असतात, तिला मागचं दिसत नाही. म्हणून आधी बोलायचं. नाव घ्यायचं, काही तरी सांगायचं. तिचे कान मागे वळले की समजायचं, ऐकलं. मग रास, म्हणजे लगामाची लांब वादी, उचलायची. न बोलता रास उचलणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला धक्का देणं, असं मामा म्हणायचे.

हाताचं मला शिकायची गरज नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. स्वार रास धरतो ती करंगळी आणि अनामिका यांच्यामधून. घोड्याचं तोंड कळतं ते तिथे. तिनं लगाम चघळला, मान किंचित झुकवली, ओढ घेतली, सगळं त्या दोन बोटांमध्ये येतं. मामांची पकड वेगळी होती, पण त्यांनी मला माझ्या सवयीनं धरू दिलं.

त्या दोन बोटांमध्ये मला काहीच येत नव्हतं. मला वाटलं, इतक्या वर्षांत सवय गेली असेल. एक्क्याची रास लांब असते, कातडं जाड असतं. आणि हाताला कळलं नाही की माणूस जोरानं ओढतो. रास निसटू नये म्हणून डाव्या तळव्याभोवती तिचा एक वेढाही घ्यायला लागलो. तो कधी घ्यायचा नाही, हे मामांनी पहिल्याच सकाळी बजावलं होतं. मी शालीखाली घ्यायचो.

"मैना ओढते"

पूस महिन्याची, पौषातली थंडी होती, पूल धुक्यात बुडालेला. फेरी मारून आलो, मामांनी लगाम काढला आणि तसेच उभे राहिले. मैनेच्या तोंडाचा डावा कोपरा फाटला होता. फेस गुलाबी झाला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामा, ही ओढते फार. डावीकडे जड झालीये."

तोंडाची इतकी हलकी घोडी साऱ्या पडावात नाही, असं मामा ज्याला त्याला सांगायचे. त्यांनी जखमेला हळद-तूप लावलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. जखम सुकल्यावर त्यांनी खुंटीवरचा एक जुना लगाम काढला, तोंडात साखळी येते तसला, ओढणाऱ्या घोड्याला आवरायचा. मला म्हणाले, "मला हे लावायचं नाही. पण रस्त्यावर माणसं चालतात." लगाम तोंडाशी नेला तेव्हा मैनेनं मान इतकी वर केली की त्यांना ओट्यावर चढावं लागलं.

मी शेजारी उभा होतो. काही बोललो नाही.

खरं तर मला माहीत होतं. आदल्या फेरीनंतर घरी हात धुताना दिसलं होतं की माझ्या डाव्या तळव्यावरची कातडी रासेनं सोलून निघाली आहे. साबण लागला तरी झोंबलं नव्हतं. आणि कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, त्यावरचे केस गेलेले, तो तर दोन उन्हाळ्यांपासून होता. शिबं असेल म्हणून मी लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागलो होतो. बनारसच्या जेठातही. बँकेतली मुलं म्हणायची, सर, तुम्ही फारच टापटीप राहता.

मैनेची साखळी निघायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. तरी त्या साखळीवर मी तिला कित्येक फेऱ्या हाकलं.

कापूस

तळवा शेवटी सुनंदानं पाहिला. सुनंदा माझी बायको, माहेर नागपूरचं, तिथल्या माणसांसारखी सरळ बोलणारी. वाढता वाढता तिनं माझा हात धरून उलटा केला आणि विचारलं, हे कधी झालं? मी म्हणालो, काही नाही, घोडीची रास. ती म्हणाली, मग तुम्हाला दुखत कसं नाही?

सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात गेलो. सुनंदा बाहेर बाकावर बसली. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि हिंदीत म्हणाल्या, कापूस लावेन, जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. मी ठेवत गेलो. खांदा, दंड, मनगट, अंगठा. मग बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांना कुणी बोलावलं असेल असं वाटून मी डोळे उघडले.

त्या थांबल्या नव्हत्या. कापूस माझ्या करंगळीवर होता.

कोपरामागची नस त्यांनी दाबून पाहिली. ती सुतळीसारखी जाड लागते असं म्हणाल्या. मग आजाराचं नाव घेतलं, इतर कुठल्याही आजाराचं घ्यावं तसं, आवाज खाली न आणता. मी आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. भीती नंतर आली. आधी आली ती लपवण्याची घाई. तुमचं असं झालं असेल तर स्वतःला फार बोल लावू नका. पण त्या घाईच्या मागेही जाऊ नका.

औषध फुकट मिळतं आणि ते सुरू झालं की दुसऱ्याला लागण व्हायची भीती राहत नाही, असं त्यांनी समजावलं. मात्र इतके दिवस जवळ राहिलेल्या माणसांना एकदा तपासावं लागेल. कोण कोण आहेत? मी म्हणालो, पत्नी. मुलगा बंगळूरला असतो, त्याला तिथे दाखवायला सांगेन.

"और कोई?"

मी मान हलवली. नाही.

पेला

बाहेर आल्यावर सुनंदाला सांगितलं, नसांचा आजार आहे. ते खोटं नव्हतं. अर्धवट खरं सांगण्यात मी तोवर तयार झालो होतो.

घरी आल्यावर मी माझा पाण्याचा पेला वेगळा केला. स्वतः घासायचा आणि खिडकीत ठेवायचा. सकाळी बघावं तर तो फळीवर, बाकीच्या पेल्यांमध्ये. मी पुन्हा खिडकीत ठेवायचो. संध्याकाळी पुन्हा फळीवर. आमच्यात एक शब्द न बोलता ही ओढाताण बरेच दिवस चालली. सगळे पेले सारखेच, स्टीलचे. शेवटी माझा कोणता तेच मला ओळखता येईना.

एका दुपारी ती गच्चीवर वाळवण राखत बसली होती, हातात माकडांसाठी काठी. मी वर गेलो तर म्हणाली, "नसांचा आजार पेल्यातून लागतो का हो?"

मी तिथेच सांगितलं. ती माझ्याकडे न बघता काठीचं टोक फरशीवर फिरवत राहिली. रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती एवढंच म्हणाली, मग मलाही दाखवायला हवं ना.

दाखवलं. तिच्या पाठीवर, ब्लाउजच्या काठाखाली, एक चट्टा होता. रुपयाएवढा. डॉक्टरांनी विचारलं, हा कधीपासून आहे?

"मुझे अपनी पीठ नहीं दिखती, डॉक्टर साहब," सुनंदा म्हणाली.

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कुणाकडून कुणाला लागलं हे सांगता येत नाही, कदाचित दोघांनाही बाहेरूनच कुठून तरी, कित्येक वर्षांपूर्वी, असं डॉक्टरांनी दोन वेळा सांगितलं. वाईट दिवशी मी हे वाक्य धरून बसतो. ते फार भार घेत नाही. लागण कुणी दिली हे मला कधीच कळणार नाही. पण तिची पाठ दिसेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो स्वतःच्या बाह्या खाली ओढण्यात गुंतला होता.

मामांना कोण सांगणार

सुनंदाला सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या, मला वर्षभराच्या. गोळ्यांनी माझा रंग काळवंडला. बँकेत विचारलं की मी उन्हाचं नाव सांगायचो. पडावला जाणं बंद केलं आणि मामांना सांगितलं, मार्चअखेरचं काम आहे.

औषध घ्यायला गेलो की डॉक्टर पुन्हा विचारायच्या, और कोई? मी पुन्हा मान हलवायचो. एकदा सुनंदा बरोबर होती. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या फाटकाशी तिनं मला थांबवलं.

"मामांच्या डब्यातली पोळी खायचात तुम्ही रोज. खांद्याला खांदा लावून बसायचात."

मी म्हणालो, त्यांच्याकडे यजमान जेवतात. उद्या कुणाच्या कानावर गेलं तर त्यांच्या घरी पाण्याला तरी कोण थांबेल? त्यांचं म्हातारपण आहे, मी त्यांच्यासाठीच गप्प आहे.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझ्या वेळी कुणासाठी गप्प होतात?"

मी तिथूनच ऑटो केला. पूल ओलांडेपर्यंत मनात वाक्यं जुळवली. आधी आजाराचं नाव, मग तपासणीचं, मग लगामाचं. छपराखाली पोचलो तर मामा मैनेला खरारा करत होते. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"मामा, मैना ओढत नव्हती."

मग बाकीचं आलं, उलटसुलट. हात, चट्टा, सुनंदाची पाठ, शालीखालचा वेढा. मामांचा खरारा मध्येच थांबला होता. मी बोलायचं संपवलं तेव्हा ते खुंटीशी गेले, साखळीचा लगाम काढला, त्याकडे पाहिलं आणि तो मागच्या उकिरड्यात टाकून आले. हात झटकून म्हणाले, "ती मुकी आहे, श्रीकांता. तू नव्हतास."



मग त्यांनी विचारलं, मलाही झालाय? मी म्हणालो, माहीत नाही, दाखवावं लागेल. ते म्हणाले, आपण कुठे दाखवायला जाणार नाही. लोक आपल्या दारी बापाचं श्राद्ध करायला येतात. मग त्यांनी पुन्हा खरारा उचलला. "आता जा. मी सांगेपर्यंत इकडे येऊ नकोस."

हे ते आजाराला भिऊन म्हणाले की मैनेसाठी म्हणाले, हे मला त्या दिवशी समजलं नाही. आजही विचारलेलं नाही.

वॉर्ड

होळी होऊन गेली आणि माझा हात पेटला. कोपरापासून करंगळीपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. चट्टे लाल झाले, तोंड सुजलं. मला वाटलं, औषधच उलटलं, आणि मी दोन दिवस गोळ्या चुकवल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्यावरही असा प्रसंग येऊ शकतो. शरीर असं कधी कधी भडकतं. गोळ्या थांबवू नका, दवाखाना गाठा. मी उशिरा गेलो. तेवढ्यात दोन बोटं आत वळायला लागली होती.

भरती करून घेतलं. वॉर्डात दिवस हातांपासून सुरू व्हायचा. सकाळी सगळ्यांपुढे पाण्याची घमेली यायची. हात भिजवायचे, तेल लावायचं, मग दुसऱ्या हातानं वळलेली बोटं टेबलावर सरळ करायची. शेवटी सिस्टर एकेकाचे तळवे बघत जायच्या, शाळेत नखं बघतात तसे. चहाचा ग्लास नीट न धरता भाजलं असेल, तर आपल्याला कळलेलं नसतं. त्यांना दिसायचं.

शेजारच्या खाटेवर जौनपूरचे एक वकील होते. त्यांनी घरी सांगितलं होतं की लखनौला मोठा खटला चालू आहे. रोज फोनवर खालच्या आवाजात बायकोला सांगायचे, आज भी तारीख पड़ गई. सारा वॉर्ड श्वास रोखून बसायचा. एकदा जेवणाची गाडी खडखडत आली आणि फोनमधून बायकोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "वकील साहब, आपकी कचहरी में थालियाँ बहुत बजती हैं." आम्ही हसलो, तेही हसले. मग पांघरूण डोक्यावर घेऊन जेवणापर्यंत तसेच पडून राहिले.

दुपारी वॉर्ड शांत झाला की मला भीती गाठायची. मी बोटं गादीवर सपाट करायचो आणि हात काढून घ्यायचो. ती हळूहळू परत वळायची. मला वाटायचं, हा हात आता जन्मभर असा राहणार, मुठीत काही लपवल्यासारखा. बघणाऱ्याला काय लपवलंय ते कळणार.

सुनंदा दोन्ही वेळचा डबा आणायची. तिच्या स्वतःच्या गोळ्या चालू होत्या, पित्त व्हायचं, अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. एक दिवस मी म्हणालो, भाजी अळणी झालीये. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मीही आजारी आहे. मला कुणी डबा आणला का?" आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली, दहीभात घेऊन. मी खाटेभोवतीचा पडदा ओढला, तिला पाठ करून बसायला सांगितलं आणि कापसाचा बोळा घेतला. डॉक्टरांसारखं मला जमत नव्हतं, उजव्या हातानंही. इथे लागतंय? हो. इथे? हो. चट्ट्याच्या मधोमध आलो तेव्हा ती बोलली नाही. मी कापूस उचलला नाही. बाहेर कुणाची तरी खोकल्याची उबळ चालू होती.

तेव्हापासून हा आमचा रोजचा पाठ झाला. ती माझे तळवे बघते, मी तिची पाठ.

एका सकाळी घमेली फिरत असताना दाराशी गलका झाला. "का गुरू, आपल्याच भाच्याला बघायला आता चिठ्ठी लागणार का?" मामा होते. कपाळाला गंध, अंगावर उपरणं, हातात तांब्या. चौकीदाराला बाजूला सारून ते थेट माझ्या खाटेपाशी आले आणि डॉक्टरांना हिंदीत, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की हा आमचा भाचा, याच्या मांडीला मांडी लावून आम्ही जेवलो आहोत, आम्हालाही तपासा. वकिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पडद्याआडून मामांचं हसणं ऐकू येत होतं. कापसाच्या त्यांना गुदगुल्या होत होत्या. काही निघालं नाही. खबरदारीचं औषध दिलं, ते त्यांनी आपल्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतलं. मग माझ्या खाटेवर बसले. मी विचारलं, तुम्ही तर येणार नव्हतात.

ते म्हणाले, "घोडीचं तोंड रोज उघडून बघतो. औषध लावतो. एक दिवस मनात आलं, हिचं मी बघतो, माझं कोण बघणार?" मग माझा डावा हात उचलून त्यांनी ती दोन बोटं सरळ केली, फार हळू नाही, आणि परत वळताना पाहत राहिले.

बनारसच्या गल्लीत एवढ्या मोठ्यानं बोललेलं लपत नाही. या उन्हाळ्यात मामांचे काही जुने यजमान दुसरीकडे उतरले. कारण कुणी सांगितलं नाही, मामांनीही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली बंद आहे. मी गेलो की ते मला तिच्यावरून पलीकडे गॅलरीत नेतात आणि भलतंच काही बोलू लागतात.

कान

आता सुनंदाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, माझ्या अजून आहेत. चट्ट्याच्या मध्यावर तिला कधी कळतं, कधी नाही. माझी बोटं बरीचशी सरळ होतात, पण त्यांत जाणीव आलेली नाही. ती येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

उत्तरेतला सावन लागला. आमचा श्रावण यायला अजून पंधरा दिवस होते. मामांचा निरोप आला, बायकोला घेऊन ये. मैनेला यंदा गहरेबाजीत उतरवलं नव्हतं. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ राहिली आहे, तिथे केस नाहीत. साधा लगाम मामांच्या हातून ती मुकाट्यानं घेते.

रास आता मी अंगठा आणि तर्जनीत धरतो, वेढा नाही, हातात मोजे. बोटांना कळत नाही म्हणून डोळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघत राहायचं, असं आम्ही ठरवलंय. मामा शेजारी बसले, सुनंदा मागे. मी म्हणालो, "मैना."

कान समोर, रस्त्याकडे.

पुन्हा नाव घेतलं. तिचा एक स्नायू हलला नाही. मामा म्हणाले, "उचल रास. जनावर आहे, चालू लागेल." चालली असती. मी रास उचलली नाही. शेवटी मामांनी साज उतरवला. परत येताना सुनंदा म्हणाली, एक्क्यात बसून इतकी निवांत फेरी मी आजवर मारली नव्हती.

आम्ही पुन्हा गेलो, मग पुन्हा. आवाज द्यायचा तर काही तरी बोलायला हवं, म्हणून मी तिला काय काय सांगत बसतो. पुलावरची गर्दी, बँकेतली कुरबुर, वॉर्डातल्या वकिलांचा खटला. ते आता घरी आहेत, बायकोला सांगितलंय, असा त्यांचा फोन आला होता. एकदा शालीखालच्या वेढ्याचंही सांगितलं. मामा ऐकत होते, तंबाखू मळत होते.

आज सकाळी पाऊस नुकता थांबला होता. मी बोलत होतो आणि मैनेचा डावा कान सुटला. जखमेच्या बाजूचा. आधी थोडा, मग पूर्ण मागे, माझ्याकडे. उजवा तसाच रस्त्याकडे.

"आला की," मामा म्हणाले. "चल."

"एकच आलाय, मामा," मी म्हणालो, आणि रास मांडीवर तशीच ठेवून बोलत राहिलो.